टीममधल्या सगळ्यांना लग्नाला बोलवणं जमणार नाही, मग कुणाला बोलवायचं आणि बाकीच्यांना काय सांगायचं?

तुम्ही लिहिलंय की लग्न छोटं करताय, टीममध्ये तुमच्याशिवाय नऊ जण, त्यातल्या सहा जणांशी छान जमतं, तिघांशी फक्त कामापुरतं बोलणं, आणि वरून बॉसचं काय करायचं हा घोळ. तर माझं मत विचाराल तर सहा जणांना बोलवून तिघांना सोडायचं हा सगळ्यात वाईट पर्याय आहे, बाकी काहीही करा पण हे नको.

लोकांना लग्नाला न बोलवल्याचं तेवढं काही वाटत नाही हो. उलट निम्म्या लोकांना सुट्टीचा दिवस वाचला म्हणून बरंच वाटतं. वाईट वाटतं ते आपण मोजक्या राहिलेल्यांमध्ये आहोत हे कळल्यावर. नऊमधल्या दोघांनाच बोलावलंत तर उरलेले सात जण म्हणतील जवळचे मित्र असतील, झालं, विषय संपला. पण सहा गेले की उरलेल्या तिघांना त्याचा एकच अर्थ लागतो, आणि सोमवारी त्याच तिघांकडून तुम्हाला फाईल मागायची असते.

म्हणून एकतर नऊच्या नऊ, नाहीतर ज्यांच्याशी ऑफिस सुटल्यावरही संबंध आहे असे एक-दोघं, नाहीतर कुणीच नाही. कोण आवडतं कोण नाही यावर ठरवू नका कारण ते कारण तोंडावर सांगता येत नाही. "टीमला बोलावलंय" हे सांगता येतं, "ऑफिसमधून कुणालाच नाही" हेही सांगता येतं, "ज्यांच्या घरी माझं जाणं-येणं आहे तेवढ्यांनाच" हेसुद्धा चालतं. जे कारण कँटीनमध्ये मोठ्याने सांगायची लाज वाटेल ते धरून यादी करूच नका.

बॉसचं सोपं आहे. पूर्ण टीम येणार असेल तर बॉसला वगळणं म्हणजे मुद्दाम केल्यासारखं दिसतं, बोलवा. फक्त दोन मित्र येणार असतील तर बॉसला बोलवायची काही गरज नाही आणि शहाणा बॉस त्याचं वाईटही वाटून घेणार नाही. पण तुमच्या हाताखाली कुणी असेल तर त्यांना एकदाच सांगा आणि सोडून द्या, "येतोयस ना, येतोयस ना" करत मागे लागलात तर ते बिचारे नाही कसं म्हणणार, तुम्ही त्यांचं अप्रेझल लिहिता.

आमंत्रण ऑफिसच्या ग्रुपवर टाकू नका, हे मात्र प्लीज. "सगळ्यांनी नक्की या" असा मेसेज आला की कुणालाच कळत नाही खरंच बोलावलंय की आपलं म्हणायला म्हटलंय, नवऱ्याला किंवा बायकोला आणायचं का, पोरांचं काय. शेवटी कुणी येत नाही नाहीतर दुप्पट येतात. प्रत्येकाला वेगळं सांगा, त्यांच्या स्वतःच्या नंबरवर, आणि जागा मोजकी असेल तर स्पष्ट बोला, "तू एकटीच ये गं, जागा खरंच कमी आहे". ऐकायला थोडं रुक्ष वाटतं पण दारात चौघं उभे राहिल्यावर होणाऱ्या पंचाईतीपेक्षा बरं.

आणि कुणी तोंडावर विचारलंच, "काय मग, आम्हाला बोलवणार की नाही?", तर घरचेच आहेत फक्त अशी थाप मारू नका. संध्याकाळपर्यंत फोटो सगळ्यांच्या मोबाईलवर असतात. "अगं खूप कमी लोकांत करतोय, ऑफिसमधून फार कुणाला जमवता आलं नाही" एवढंच बोला आणि विषय बदला. जास्त माफी मागत बसलात की समोरच्यालाच तुमची समजूत काढावी लागते. ज्यांना बोलावलंय त्यांनाही सांगून ठेवा की ऑफिसात चर्चा नको. एकजण दुसरीला "शनिवारी काय घालणारेस गं?" विचारते आणि मध्ये बसलेली तिसरी उगाच स्क्रीनकडे बघत माउस हलवत राहते, हे मी पाहिलंय.

तुम्ही गिफ्टच्या कॉन्ट्रिब्युशनचं विचारलं नाहीये पण ते येणारच. माझ्या एका जुन्या ऑफिसात पाकीट फिरायचं आणि त्यावर नावापुढे प्रत्येकाची रक्कम लिहिलेली असायची, म्हणजे नवीन लागलेला पोरगा वरचे आकडे बघून खिसा चाचपणार. त्यात आमंत्रण नसलेल्यांकडूनही गोळा करायचे! तुमच्यासाठी कुणी असं सुरू करतंय हे कानावर आलं तर गोळा करणाऱ्याला बाजूला घेऊन सांगा की ज्यांना बोलावलेलं नाही त्यांना विचारू नको आणि आकडे तर अजिबात लिहू नको. तरीही आपणहून कुणी दिलेच तर त्या माणसाला स्वतः जाऊन थँक्यू म्हणा, ग्रुपवरच्या थँक्यूत ते धरलं जात नाही.

आणखी एक, टीम येणार असेल तर तारीख बॉसला आधी सांगून कोण थांबणार, कोण लवकर निघणार ते ठरवून घ्या. एकाच दिवसाचे सहा-सात सुट्टीचे अर्ज आले की ते नामंजूर होतात आणि त्यावरून वैताग मात्र तुमच्यावर निघतो.