ट्रंक आहे तशीच दाखवा

विद्यापीठाच्या ग्रंथालयात घरगुती कागदपत्रं देण्याबद्दल आणि ती वापरण्याबद्दल आलेल्या प्रश्नांपैकी चार.

आमची लालबागची चाळ पुनर्विकासात जाते आहे. वडील गिरणीत साचा खात्यात (विणकामात) होते, युनियनचं कामही करायचे. त्यांच्या ट्रंकेत पगाराच्या चिठ्ठ्या, संपाची पत्रकं, बऱ्याच वह्या आहेत. महत्त्वाचं तेवढं काढून विद्यापीठाला द्यावं म्हणतो. काय निवडू?

काहीच निवडू नका. ट्रंक आहे तशीच दाखवा. घरची माणसं निवडायला बसली की पुढाऱ्यांबरोबरचे फोटो, मानपत्रं आणि कात्रणं ठेवतात, आणि खाणावळीची वही रद्दीत जाते. कात्रण कुठल्या ना कुठल्या ग्रंथालयात सापडतं. ती वही दुसरीकडे कुठेच नसते.

१८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या गिरणी संपावर भाषणं, अहवाल, बातम्या भरपूर आहेत. पण त्या अडीच लाख कामगारांच्या घरात चूल कशी पेटत होती, ते वाण्याच्या उधारीत, भिशीच्या हिशोबात, दागिना गहाण टाकल्याच्या पावतीत आणि गावाहून आलेल्या आंतरदेशीय पत्रात सापडतं. गावमंडळाच्या खोलीची, म्हणजे एका गावच्या कामगारांनी वर्गणी काढून चालवलेल्या खोलीची, वर्गणीची वही असेल, तर ती सगळ्यात आधी सांभाळा. एका खोलीच्या आधाराने किती जण राहत होते, कुणाची वर्गणी थकली, कुणाचं नाव पुढच्या पानावर आलंच नाही, हे तिच्यात ओळीने दिसतं. गिरणगावचा इतिहास लिहायला याहून भरवशाचा कागद मला माहीत नाही.

गठ्ठेही सुटे करू नका. भाडेपावती आणि संपाचं पत्रक वडिलांनी एकाच सुतळीत बांधलं असेल, तर ते एकत्र का ठेवलं असेल, हा प्रश्न अभ्यासकाला पडला पाहिजे. तारखेवार लावलंत की तो पडणारच नाही. हात लावण्याआधी मोबाईलवर फोटो काढा. सोबत एक पान लिहा: गाव, गिरणी, खातं, पाळी, खोली. आईशेजारी बसून लिहा. ग्रुप फोटोतली माणसं ती ओळखेल, आमच्याकडे कुणी ओळखणार नाही.

आजोबांची मोडीतली पत्रं घडीवर तुटायला लागली आहेत. पावसाळ्याआधी लॅमिनेट करून घेऊ का?

कृपा करून नको. वितळलेलं प्लास्टिक कागदाला कायमचं चिकटतं, ते सुखरूप सोडवता येत नाही. सेलोटेपही नको, त्याचा डाग कागदात उतरतो. टाचण्या आणि स्टेपल मात्र जपून काढा, आपल्या दमट हवेत त्या गंजून कागद खातात. पत्रं धुतलेल्या सुती कापडात गुंडाळून, बाहेरच्या भिंतीला न टेकलेल्या कपाटात, वरच्या कप्प्यात ठेवा. ओली झालीच तर उन्हात टाकू नका. कोऱ्या कागदांवर पसरून पंख्याच्या वाऱ्यात वाळवा. मोडी शिकायची इच्छा असेल, तर राज्याचं पुराभिलेख संचालनालय वर्ग घेतं.

आत्या शिक्षिका होती. तिच्या डायऱ्या द्यायच्या आहेत, पण त्यांत नातेवाइकांबद्दल कडू मजकूर आहे. ती पानं काढून टाकू?

पान फाडू नका, शाईही फिरवू नका. एकट्या राहणाऱ्या, नोकरी करणाऱ्या बाईने स्वतःच्या शब्दांत लिहिलेलं मुळातच थोडं टिकलं आहे. त्यासाठी दुसरा मार्ग आहे. दानपत्रात अट घाला: अमुक डायऱ्या अमुक वर्षापर्यंत बंद, किंवा घरच्यांच्या लेखी परवानगीनेच. अट तोंडी ठेवू नका, कर्मचारी बदलतात. आणि बंदीला अखेरचं वर्ष हवंच. कायमचं कुलूप लावायचं असेल, तर ग्रंथालयाला देण्यात अर्थ नाही.

एक कायदेशीर गोष्ट. कुणी आत्याला पाठवलेली पत्रं कागद म्हणून तुमच्याकडे आली, तरी मजकुराचा कॉपीराइट लिहिणाऱ्याचा, आणि त्याच्या मृत्यूनंतर वारसांचा. म्हणून ती देता येतात, पण छापण्याचा हक्क तुम्ही ग्रंथालयाला देऊ शकत नाही.

मी एमएला आहे. नायगावच्या बीडीडी चाळींवर प्रबंधिका लिहायची आहे. सुरुवात कुठून करू?

या चाळी ज्याने बांधल्या, तो सरकारचा विकास विभाग (बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट, म्हणजेच बीडीडी) १९२० चा. सरकारची बाजू राज्य पुराभिलेखागारात शोधा, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत. कामगारांच्या राहणीमानासाठी १९२१ पासूनचं ‘लेबर गॅझेट’ हे सरकारी मासिक चाळा. मराठी नियतकालिकांसाठी मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, जुन्या वृत्तपत्रांसाठी एशियाटिक सोसायटीचं ग्रंथालय, आणि आपल्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात जुने प्रबंध जरूर पाहा. जाण्याआधी विभागप्रमुखांचं पत्र घ्या, बरोबर पेन्सिल ठेवा. पेन बऱ्याच ठिकाणी आत नेऊ देत नाहीत.

पण ही सगळी कपाटं थांबतील. चाळीतली म्हातारी माणसं नव्या इमारतींत पांगण्याआधी त्यांच्याकडे जा, आणि त्यांच्या माळ्यावर काय आहे ते विचारा.