ग्रहणात भाजी चिरली म्हणून बाळ असं झालं का?

बाळाच्या टाळूला फट असो, बोटं जुळलेली असोत, माझ्यासमोर बसलेली आई थोड्याफार फरकाने तेच विचारते, "मॅडम, माझंच काही चुकलं का?" आणि त्यामागे बहुतेक वेळा ग्रहण निघतं. हे इतक्यांदा ऐकलंय की एका घराची गोष्ट सांगावीशी वाटते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

नागपूरचा मे महिना, आणि या आईने आठ महिन्यांच्या लेकीच्या हातांत लोकरीचे मोजे घातलेले. आत आखूड बोटं होती, त्यातली दोन चिकटलेली. जिभेला खोल खाचा, टाळूला फट, कानांवर बारीक पांढरे दाणे. डॉक्टरांनी निदान सांगितलं होतं: ओरल-फेशियल-डिजिटल सिंड्रोम, प्रकार १. फार दुर्मीळ आजार. तोंड, चेहरा आणि बोटं तिन्हींवर परिणाम होतो.

"मी सातव्या महिन्यात होती नं, तवा ग्रहण होतं. मी पालक चिरला. सासूबाई तेच म्हणून राहिल्या."

मी तिला सांगितलं, बाळाची बोटं आठव्या आठवड्याच्या सुमारास सुटी होतात, टाळू बाराव्या आठवड्यापर्यंत जुळून येतो. सातव्या महिन्यात बोटं-टाळूत घडण्यासारखं काही उरलेलंच नसतं. तिने मान हलवली. पुढच्या भेटीत पुन्हा पालकच.

माहितीने मन मोकळं होतं, यावर माझा फारसा विश्वास नाही. घरात जी व्यक्ती सगळ्यात जोरात दोष देते, तिला आधी बोलतं करावं लागतं. एकट्या आईला समजावून पाठवलं की दारात पाऊल टाकेपर्यंत सगळं विरतं. म्हणून सासूबाईंना आणायचा आग्रह मी सोडला नाही.

त्या आल्या, ताठ बसल्या. मी ग्रहणाचा विषयच काढला नाही. म्हटलं, "काकू, नातीचा हात पहिल्यांदा पाहिला तेव्हा काय वाटलं?"

बराच वेळ त्या बोलल्या नाहीत. मग नातीला मांडीवर घेतलं, घामाने ओला झालेला मोजा काढला आणि पदराने ती बोटं पुसत म्हणाल्या, "पालक चिरायला मीच बसवलं हिला. पाहुणे होते घरी. ग्रहण ध्यानातच नाही राहिलं. लोक विचारतात तर हिचं नाव सांगतो आम्ही. माझं कसं सांगू बाई?"

सून त्यांच्याकडे पाहतच राहिली. "आई, तुम्ही पण?"

इतके महिने एकाच छपराखाली दोघी स्वतःलाच गुन्हेगार ठरवत होत्या. अशा घरांमध्ये मला हे वारंवार दिसलंय: आरोप करणारीच्या पोटात भीती असते. ती बाहेर आली की मगच शास्त्र ऐकायला कान मोकळे होतात.

तेव्हा मी पुन्हा सांगितलं, या वेळी दोघींना. हा बदल एक्स गुणसूत्रावरच्या ओएफडी१ नावाच्या जनुकात असतो. साधारण चारपैकी तीन मुलींमध्ये तो नव्यानेच घडलेला असतो, आईवडिलांकडून आलेला नसतो. रुग्ण जवळजवळ सगळ्या मुलीच, कारण हा बदल असलेला मुलाचा गर्भ बहुधा जन्मापर्यंत टिकत नाही. चाकू, सावली, नजर यांचा इथे काही संबंध नाही.

तरीही आईची तपासणी करून घ्याच. खुणा सौम्य असल्या तर तिला स्वतःलाही माहीत नसतं. तिच्यात बदल सापडला, तर प्रत्येक गरोदरपणात तो पुढे जाण्याची शक्यता निम्मी असते. पुढचं मूल ठरवण्याआधी जनुकीय सल्ला घ्या. या आईत तो सापडला नाही.

त्यानंतरच्या भेटीत तिचे प्रश्न बदलले. टाळूचं ऑपरेशन कधी, बोलायला उशीर झाला तर कोणाला दाखवायचं, दात कमी आले तर? मी तिला वाचा-उपचार लवकर सुरू करायला सांगितलं, दातांसाठी मेडिकलच्या, म्हणजे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या, आवारातलं डेंटल कॉलेज सुचवलं. अंगणवाडीत येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाकडे नाव नोंदवायलाही सांगितलं, टाळूची फट त्यांच्या यादीत आहे.

आणि जे घरोघरी विसरलं जातं ते कागदावर लिहून दिलं: किडनी. या आजारात किडनीत पाण्याच्या गाठी (सिस्ट) होऊ शकतात, बऱ्याचदा मोठेपणी. चेहरा-बोटांची ऑपरेशनं झाली की लोक दवाखाना सोडतात. मुलीचा रक्तदाब दरवर्षी बघा, आणि दहाव्या वर्षापासून क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) आणि किडनीची सोनोग्राफी डॉक्टरांच्या सल्ल्याने करत राहा. कागद सासूबाईंनी मागून घेतला.