शेवटच्या थांब्यावर बस वळवायची कुठे?

गेल्या महिन्यात नागपूरच्या शहर बसच्या शेवटच्या थांब्यांविषयी बरीच पत्रं आली. मोरभवन बसस्थानकाहून निघालेली बस वस्तीच्या टोकाला पोहोचते आणि तिथे वळायला जागा नसते, ही बहुतेकांची अडचण. रस्त्याबाहेर बससाठी बांधलेल्या वळणाच्या जागेला आम्ही इथे ‘वळणचक्र’ म्हटलं आहे. निवडक प्रश्न आणि आमची उत्तरं पुढे देत आहोत.

प्रश्न : आमच्याकडे शेवटच्या थांब्यावर बस एका गल्लीत रिव्हर्स घेऊन वळते. वाहक मागे उभा राहून शिट्टी वाजवतो. शेजारी भूखंड रिकामा आहे. तिथे वळणचक्र करायचं तर किती जागा लागेल? (बेसा)

उत्तर : जागेचा हिशेब सहसा एकाच आकड्यावर आटोपतात: बस किती जागेत वळते. आमच्या मते दोन आकडे हवेत, वळायला किती आणि उभं राहायला किती. दुसरा आकडा विसरला की चक्र बांधूनही बस रस्त्यावरच उभी राहते.

आधी वळण. बारा मीटर लांब, सुमारे 2.6 मीटर रुंद बस घ्या. पुढच्या आणि मागच्या आसांमधलं अंतर 6 मीटर, पुढच्या आसापुढे 2.7 मीटर, मागच्या आसामागे 3.3 मीटर. स्टेअरिंग पूर्ण तोडल्यावर, म्हणजे टोकापर्यंत फिरवल्यावर, पुढच्या आसाचा मध्य 10 मीटर त्रिज्येवर फिरत असेल, तर मागच्या आसाचा मध्य 8 मीटरवर फिरतो. शाळेतला 6-8-10 चा काटकोन त्रिकोण आहे हा. म्हणजे मागची चाकं पुढच्यांच्या मागोमाग जात नाहीत, दोन मीटर आतून कापतात. हिशेब पुढे नेला तर बसचा पुढचा बाहेरचा कोपरा सुमारे 12.7 मीटरवर आणि आतली बाजू 6.7 मीटरवर येते. सरळ चालताना अडीच मीटर जागा घेणारी बस वळणात सहा मीटर रुंद पट्टा खाते.

आरसे बाहेर असतात, प्रत्येक चालकाचा हात वेगळा असतो आणि पावसात अंदाज चुकतो. म्हणून बाहेरचा कर्ब, म्हणजे रस्त्याची उंच कड, 14 मीटर त्रिज्येवर धरा. मधलं बेट 6 मीटर त्रिज्येचं ठेवा आणि त्याची बाहेरची एक मीटर कड चाक चढलं तरी चालेल अशी उतरती करा. चक्राचा व्यास 28 मीटर झाला. भोवती दोन मीटर फुटपाथ धरला तर 32 मीटर, म्हणजे साधारण 8,600 चौरस फूट.

आता उभं राहणं. बस शेवटच्या थांब्यावर जितकी मिनिटं थांबते, त्याला दोन बसमधल्या मिनिटांनी भागा, उत्तर वरच्या पूर्ण आकड्यावर न्या आणि एक मिळवा. दर 15 मिनिटांनी बस असेल आणि ती 10 मिनिटं थांबत असेल, तर दोन जागा. दर 10 मिनिटांनी बस आणि 12 मिनिटं थांबा, तर तीन. वरची एक जागा चैन नव्हे. सीताबर्डीत गाड्या अडकल्या की दोन-तीन बस लागोपाठ येऊन पोहोचतात, तेव्हा ती लागतेच. मागची बस पुढचीच्या आधी निघणार असेल, तर दोघींमध्ये निदान एका बसभर मोकळी जागा किंवा बाजूने जायला साडेतीन मीटरची मार्गिका हवी. दोन जागा, फलाट, बाजूची मार्गिका आणि येण्याजाण्याची तोंडं धरून 15,000 चौरस फुटांच्या आसपास भूखंड लागतो.

आज मार्गावर लहान मिडी बस धावते म्हणून तिच्या मापाने चक्र बांधू नका. मार्गाला गर्दी वाढली की मोठी बस येते आणि तिचा कट तिथे बसत नाही.

प्रश्न : कागदावरच्या मापावर विश्वास कसा ठेवायचा? आमच्या मार्गावर दोन-तीन प्रकारच्या बस आहेत. (जयताळा)

उत्तर : ठेवू नका, मोजून घ्या. मार्गावरची सर्वांत लांब बस पहाटे मोकळ्या, पक्क्या मैदानावर न्या. पुढच्या डाव्या कोपऱ्याला बंपरपासून ओळंबा सोडा, तो जमिनीपासून चार बोटं वर राहू द्या. दुसरा ओळंबा मागच्या डाव्या कोपऱ्याला बांधा. चालकाला आधी वीसेक मीटर सरळ यायला सांगा आणि मग ताशी पाच ते आठ किलोमीटरच्या वेगाने, चालत्या गाडीतच स्टेअरिंग उजवीकडे पूर्ण तोडून एक फेरी घ्यायला सांगा. बस दर दोन-अडीच मीटरवर थांबवत ओळंब्यांखाली आणि उजव्या मागच्या चाकाच्या आतल्या कडेला फक्कीने खुणा करा. गाडी चालत असताना कोणी जवळ जायचं नाही.

पुढच्या कोपऱ्याच्या आणि आतल्या चाकाच्या खुणांमधलं अंतर म्हणजे तुमचा खरा पट्टा. मागच्या कोपऱ्याच्या खुणा वळणाच्या सुरुवातीला नीट पाहा. बस उजवीकडे वळू लागते तेव्हा शेपूट आधी डावीकडे बाहेर फेकलं जातं, वरच्या मापाच्या बसला अर्ध्या मीटरपेक्षा थोडं जास्त. फलाटावर रांगेत उभ्या माणसाला धक्का बसतो तो याच शेपटाचा. त्यामुळे फलाट जिथे संपतो तिथे लगेच वळण सुरू करायचं नाही. बसचं मागचं टोक फलाट ओलांडून गेल्यावरच स्टेअरिंग तुटेल इतका सरळ रस्ता ठेवा. वळणाच्या त्या भागात कर्बपासून मीटरभर आत खांब, फलक, रेलिंग काहीही नको.

प्रश्न : चक्रात बसने कोणत्या दिशेने फिरावं? आणि ते रस्त्याच्या कोणत्या बाजूला असावं? (वाडी)

उत्तर : दिशेबाबत आमचं मत पक्कं आहे: घड्याळाच्या काट्याच्या दिशेने. आपल्या बसचं दार डावीकडे. काट्याच्या दिशेने फिरताना डावी बाजू चक्राच्या बाहेर येते, प्रवासी थेट बाहेरच्या फुटपाथवर उतरतात. उलट दिशेने फिरवलं तर दार बेटाकडे उघडतं आणि प्रत्येकाला बसचा मार्ग ओलांडावा लागतो. शिवाय चालक उजवीकडे बसतो. उजव्या वळणात आत कापणारं मागचं चाक त्याला त्याच्याच बाजूच्या आरशात दिसतं.

बाजूचा प्रश्न जास्त अवघड. चक्र कुठेही असो, बसला एकदा रस्त्यावरची वाहतूक आडवी कापावीच लागते. शहरातून येताना चक्र डावीकडे असेल तर आत जाणं सोपं, निघताना उजवीकडे वळणं कठीण. उजवीकडे असेल तर आत जाताना भर रस्त्यात थांबावं लागतं, निघणं सोपं. अमरावती रोडसारख्या वेगवान, जड वाहनांच्या रस्त्यावर आम्ही डावीकडचं चक्र निवडू. वाट पाहायचीच आहे तर बसने चक्राच्या आत पाहावी, मागून ट्रक येत असलेल्या मार्गिकेत नव्हे. मात्र बाहेर पडण्याचं तोंड सिग्नलच्या चौकात किंवा दुभाजकाच्या तुटीसमोर असलं पाहिजे. नाहीतर चालक डावीकडे निघून पुढच्या तुटीपर्यंत जातो, तिथे यू-टर्न घेतो आणि चक्र बांधण्याचा अर्धा उपयोग तिथेच संपतो.

प्रश्न : आमच्या थांब्यावर डांबर दर उन्हाळ्यात दबतं, पावसाळ्यात खड्डे पडतात. गट्टू बसवले तर? (पारडी)

उत्तर : डांबर तिथे टिकणारच नाही. दोन आसांच्या बसच्या मागच्या चार टायरांच्या आसावर 2018 पासून कायद्याने साडेअकरा टनांपर्यंत भार चालतो. हा भार रस्त्यावर पळत्या चाकाखाली क्षणभर असतो, थांब्यावर मात्र दहा-दहा मिनिटं त्याच जागी उभा असतो. नागपूरच्या मे महिन्यात 45 अंशांच्या हवेत काळं डांबर त्याहून कितीतरी जास्त तापून मऊ पडतं, त्यात डिझेल-ऑइलचे थेंब ते आणखी विरघळवतात. वर चालकाने उभ्या गाडीत स्टेअरिंग फिरवलं की टायर गिट्टी उखडून काढतो.

साधे 60 मिलिमीटरचे गट्टू फुटपाथचे. बससाठी 100 मिलिमीटर जाड, एकमेकांत अडकणारे, तिरक्या विणीत आणि कडेला काँक्रीटच्या पट्टीने घट्ट बांधलेले हवेत. तरी वळणात ते सरकतात. उभं राहण्याच्या सरळ भागात चालतील, वळणात नकोत.

आमचा सल्ला काँक्रीटचा, पण खालून वर विचार करून. बऱ्याच ठिकाणी खाली काळी माती आहे. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात आकसून तिला भेगा पडतात आणि वरची लादी अधांतरी राहून तुटते. ही माती निदान 60 सेंटिमीटर काढून तिथे चांगला मुरूम थरांत दाबून भरा. त्यावर पाणी निघून जाईल असा खडीचा थर, मग 150 मिलिमीटर कोरडं, कमी सिमेंटचं काँक्रीट, त्यावर प्लास्टिकचा कागद आणि शेवटी 250 मिलिमीटर एम-40 काँक्रीट. मोठ्या मार्गावर जाडी अभियंत्याकडून काढून घ्यावी.

सांधे एकमेकांपासून साडेचार मीटरपेक्षा लांब नकोत. गोलात ते केंद्रातून निघणाऱ्या रेषांवर पाडा, म्हणजे लाद्या चौकोनाच्या जवळ राहतात. निमुळता कोपरा सुटला की पहिली चीर तिथेच पडते. गटाराची झाकणं चाकाच्या वाटेत येऊ देऊ नका. काम उन्हाळ्यात असेल तर संध्याकाळी ओता, सांधे त्याच रात्री कापा. सकाळपर्यंत थांबलात तर काँक्रीट स्वतःच हवं तिथे चिरा पाडून घेतं. चौदा दिवस ओले गोणपाट, आणि बस 28 दिवसांनी. ‘आठवड्यात सुरू करा’ म्हणणाऱ्यांना ठाम नकार द्या.

उतार दोन टक्के, बेटाच्या दिशेने आत. बाहेर उतार दिला तर पाणी नेमकं प्रवाशांच्या पायाशी साचतं.

प्रश्न : फलाट चक्राच्या गोलाईतच केला तर जागा वाचेल ना? (मानेवाडा)

उत्तर : जागा वाचेल, प्रवासी मात्र मधल्या दारातून उतरताना खाली रस्त्यावर पाय ठेवेल. चौदा मीटर त्रिज्येच्या कर्बला बारा मीटरची सरळ बस लावली की दोन्ही टोकं टेकतात आणि मधे सव्वा मीटरहून जास्त फट राहते. म्हातारी माणसं, कडेवर मूल घेतलेल्या बाया, कुबडी घेतलेला माणूस यांनी ती फट कशी ओलांडायची? फलाट सरळच हवा.

प्रश्न : परदेशात गाडी फिरवणारी तबकडी असते असं ऐकलं. तशी का करत नाहीत? (धरमपेठ)

उत्तर : होती आणि आहे. इंग्लंडमधल्या क्राइस्टचर्च इथे 1936 पासून 1969 पर्यंत ट्रॉलीबस तबकडीवर घेऊन हाताने ढकलून फिरवत. सॅन फ्रान्सिस्कोच्या पॉवेल स्ट्रीटवर रुळांवरची केबल कार आजही तशी फिरते. पण तबकडीखालचा खड्डा आपल्या पावसाळ्यात पाण्याने आणि गाळाने भरेल आणि ती एकदा अडली की मार्गच बंद. टोरांटोत एकाच टोकाला चालकाची जागा असलेल्या ट्राम आहेत, त्यांना उलट जाता येत नाही. म्हणून तिथे मार्गाच्या टोकाला चक्रं बांधली गेली. कितीतरी चक्रं तिथे बसही वापरतात. जागा मिळत असेल तर चक्रच बरं, त्यात बिघडण्यासारखं काही नाही.

प्रश्न : चक्र झालं तरी तिथे ऑटो, चहाच्या टपऱ्या, वस्तीतल्या कार उभ्या राहतील. (हिंगणा रोड)

उत्तर : राहतील. चौदा मीटरच्या हिशेबात एक कार बाहेरच्या कर्बला लागली की जवळपास दोन मीटर गेले आणि बसला पुन्हा रिव्हर्स घ्यावा लागतो. फक्त फलक लावून हे थांबत नाही. दोन गोष्टी उपयोगी पडतात. एक, वळणाच्या भागाची रुंदी गरजेपुरतीच ठेवा. दहा-बारा मीटर रुंद डांबरी मैदान दिसलं की लोक त्याला पार्किंगच समजतात. दुसरी, ऑटोंना चक्राबाहेर, पण फलाटापासून चालत जाण्याइतक्या अंतरावर, तीन-चार गाड्यांची स्वतःची जागा आखून द्या. बसमधून उतरलेल्या माणसाला ऑटो लागतोच, त्यामुळे ऑटोवाल्याला हुसकावण्यापेक्षा त्याला बाजूला नीट बसवणं शहाणपणाचं. टपरीही फलाटाच्या मागे, बसच्या वाटेपासून दूर चालेल. रात्री तिथे दिवा आणि माणूस असणं चांगलंच.

प्रश्न : शेजारच्या घरांचा विरोध आहे. धूर, आवाज, आणि चालक भिंतीशी लघवीला उभे राहतात. (नरेंद्रनगर)

उत्तर : तक्रार रास्त आहे आणि तिच्यातला शेवटचा भाग सर्वांत सोपा: स्वच्छतागृह बांधा. पहाटेपासून गाडी चालवणाऱ्याला आणि महिला वाहकाला शेवटच्या थांब्यावर स्वच्छतागृह आणि पिण्याचं पाणी नसणं ही चक्राच्या आराखड्यातली चूक आहे. नळ आणि मलवाहिनीची जोडणी नकाशातच दाखवून घ्या. काँक्रीट झाल्यावर ते फोडून वाहिनी टाकतात आणि नेमकी तीच लादी पुढे खचते.

आवाजासाठी, उभं राहण्याची जागा घरांपासून सर्वांत लांबच्या बाजूला ठेवा आणि थांबल्यावर इंजिन बंद करण्याचा नियम वेळापत्रकासोबत चालकांना लेखी द्या. मधल्या बेटावर कडुनिंब लावता येतो, मात्र बेटाच्या मध्यभागी, आणि बसच्या वाटेवर आलेल्या फांद्या पाच मीटर उंचीपर्यंत छाटलेल्या हव्यात. सीएनजी बसच्या काही प्रकारांत टाक्या टपावर असतात, त्यामुळे त्या बस जास्त उंच असतात.

प्रश्न : मागणी कोणाकडे आणि कशी करायची? (बेसा)

उत्तर : शहर हद्दीत ‘आपली बस’ महापालिकेची, म्हणून अर्ज मनपाच्या परिवहन विभागाकडे. अर्जाला मौजा, खसरा क्रमांक आणि भूखंडाची मोजमापं जोडा, जमीन कोणाच्या नावावर आहे ते लिहा, नागपूर सुधार प्रन्यासची (नासुप्र) असेल तर एक प्रत तिकडे द्या. भूखंडावर विकास आराखड्यात दुसरं आरक्षण असेल तर 1966 च्या प्रादेशिक व नगररचना कायद्याच्या कलम 37 खाली फेरबदल करावा लागतो, त्याला वेळ लागतो. ले-आऊटमधली मुलांची खेळाची मोकळी जागा मात्र यासाठी मागू नका.

अर्जात ‘बसची सोय करावी’ एवढंच लिहिलं तर तो फाइलीत जातो. आठवडाभर वस्तीतल्या दोघांनी थांब्यावर बसून प्रत्येक बसची येण्याची आणि निघण्याची वेळ, ती कुठे उभी राहिली आणि वळायला किती वेळा मागे घेतली हे लिहून काढा आणि तो तक्ता अर्जाला लावा. एका वेळी जास्तीत जास्त किती बस उभ्या होत्या, हा आकडा त्यातून आपोआप निघतो. जागा किती मागायची हे त्यावरच ठरेल.