जॉबला लागणारा वेळ रोज बदलतो आणि सेटर दोनच आहेत. मशीनचं वेळापत्रक कसं लावायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सहा मशीन, दोन सेटर (नव्या जॉबसाठी मशीन लावून देणारे), आठ तासांची शिफ्ट, रोज साधारण बारा सेटिंग (म्हणजे अशी मशीन लावून देणं). सकाळी एक्सेलमध्ये बसवलेलं वेळापत्रक जेवणाच्या सुट्टीपर्यंत कोलमडतं. मालक म्हणतात आणखी एक व्हीएमसी (संगणकावर चालणारी मिलिंग मशीन) घेऊ, आणि तुम्ही विचारताय की एखादं सॉफ्टवेअर किंवा सूत्र आहे का.

मी बडोद्याला मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) प्लॅनिंगचंच काम करतो, म्हणून आडपडदा न ठेवता लिहितो. तुम्ही मशीनचं वेळापत्रक लावताय. लावायला हवं सेटरचं.

तुमच्याच आकड्यांवरून बघा. सेटिंगला तुम्ही सरसकट 60 मिनिटं धरली आहेत. खाली मात्र लिहिलंय की झटपट झालं तर 40 मिनिटं, बहुतेक वेळा तासभर, आणि फर्स्ट पीस (सेटिंगनंतरचा पहिला नग) इन्स्पेक्शनला नापास झाला की तीन तास वीस मिनिटं. म्हणजे वेळ कमी व्हायला वाव फक्त वीस मिनिटांचा, आणि वाढायला 140 मिनिटांचा. अशा ठिकाणी ‘बहुतेक वेळा लागणारा वेळ’ आणि ‘सरासरी वेळ’ एक नसतात. 1958 साली अमेरिकी नौदलाच्या पोलारिस क्षेपणास्त्रांच्या कामासाठी पर्ट ही कामाच्या वेळेचा अंदाज बांधायची पद्धत निघाली. तिचं ढोबळ सूत्र इथे पुरतं: सर्वांत कमी वेळ, अधिक नेहमीच्या वेळेची चौपट, अधिक सर्वांत जास्त वेळ, आणि बेरजेला सहाने भागायचं. 40 अधिक 240 अधिक 200, भागिले 6. उत्तर 80 मिनिटं.

आता बारा सेटिंग. एक्सेलच्या हिशेबाने 12 तास. दोन सेटरचे मिळून 16 तास आहेत, म्हणजे कागदावर चार तास शिल्लक. खऱ्या सरासरीने बारा गुणिले 80 म्हणजे 960 मिनिटं, बरोबर 16 तास. सेटर पूर्ण भरलेला आहे, एक मिनिटही हाताशी नाही. सकाळी नऊला कुणी हाक मारली नाही म्हणून तो अर्धा तास मोकळा बसला, तर ती वेळ दुपारी परत मिळत नाही. दुपारी तीन मशीन एकदम त्याची वाट बघत उभ्या राहतात. तुमचं वेळापत्रक जेवणापर्यंत तरी टिकतं याचंच मला नवल वाटतं.

लोड (सेटरच्या वेळेतला कामाने भरलेला वाटा) पूर्ण व्हायच्या बराच आधी वाट बघणं वाढू लागतं. गणितज्ञ किंगमन यांचं 1961 चं सूत्र एका सर्व्हरच्या (काम उरकणाऱ्या एकाच माणसाच्या किंवा मशीनच्या) रांगेसाठी आहे, पण त्याचा मुद्दा इथेही लागू पडतो. रांगेतली सरासरी वाट एका गुणकाने वाढते: लोड भागिले उरलेली मोकळीक. लोड 80 टक्के असेल तर गुणक 4, 90 ला 9, 95 ला 19. त्याच सूत्रात चढउताराचाही वेगळा गुणक आहे, म्हणजे वेळेतला चढउतार कमी केला तर त्याच लोडवर रांग लहान होते. सेटर दोन असल्याने प्रत्यक्ष वाट यापेक्षा कमी असेल, पण आलेख असाच वर जातो. म्हणून सेटरला 75-80 टक्क्यांच्या वर भरू नका. मालकांना ही मोकळीक म्हणजे फुकटचा पगार वाटते; त्यांना दुपारी तीन वाजता बंद उभ्या मशीन दाखवा.

मोकळीक आणायची कुठून? एकाच फिक्श्चरवर (मशीनवर पार्ट पकडून ठेवणाऱ्या साधनावर) बसणारे पार्ट पाठोपाठ लावा. बाराची नऊ सेटिंग झाली तरी 12 तास, म्हणजे 75 टक्के. मशीन चालू असतानाच पुढच्या जॉबचे टूल, इन्सर्ट आणि प्रोग्रॅम ट्रॉलीवर तयार ठेवा. त्यासाठी सेटर लागत नाही, चांगला हेल्पर पुरतो. आणि त्या 200 मिनिटांच्या मागे लागा. आमच्याकडे त्यातली बरीचशी मिनिटं इन्स्पेक्टर जागेवर नसण्यात जायची, सेटिंगमध्ये नाही. सेटरला विचारून आकडा काढू नका, तो ‘थई जशे’ (होऊन जाईल) म्हणतो; जॉब कार्डावर सुरू आणि संपल्याची वेळ लिहून घ्या. नवरात्रातले आकडे वेगळे ठेवा. गरब्याहून रात्री उशिरा घरी गेलेल्या माणसाची सकाळची पहिली सेटिंग सरासरीत धरण्यासारखी नसते.

आता व्हीएमसीबद्दल. गणितज्ञ रोनाल्ड ग्रॅहम यांनी 1966 साली दाखवलेलं एक उदाहरण तुमच्या मालकांना वहीत आखून दाखवा. तीन मशीन, नऊ कामं. पहिल्याला 3 तास, दुसरं, तिसरं, चौथं प्रत्येकी 2, पाचवं ते आठवं प्रत्येकी 4, नववं 9 तासांचं. नववं काम पहिलं झाल्यावरच सुरू होतं आणि पाच ते आठ ही चौथं झाल्यावर. नियम एकच: मशीन रिकामी झाली की यादीतलं पुढचं तयार काम तिच्यावर चढवायचं. सगळं 12 तासांत संपतं. चौथी मशीन आणा, तर 15 तास लागतात! जुन्या तीनच मशीनवर प्रत्येक काम एक तासाने लवकर होऊ लागलं, तरी 12 चे 13 होतात. यात जादू नाही. चार तासांची छोटी कामं आधी तयार होऊन सगळ्या मशीन अडवून बसतात आणि नऊ तासांचं धूड सर्वांत शेवटी सुरू होतं. नेहमीच असं होईल असं नाही, पण ‘मशीन वाढली म्हणजे वेळ घटला’ हे गृहीत धरता येत नाही. तुमच्याकडे तर नव्या मशीनलाही सेटर तेच दोघं.

क्रम ठरवताना सगळा लॉट लवकर संपवायचा असेल तर लांब काम आधी चढवा. डिस्पॅचच्या तारखा गळ्याशी आल्या असतील तर तारखेप्रमाणे. सरासरी थांबणं कमी हवं असेल तर छोटी आधी. तिन्ही एकाच दिवशी साधत नाहीत, तेव्हा त्या आठवड्यात काय महत्त्वाचं ते मालकांकडून वदवून घ्या.

सॉफ्टवेअर म्हणाल तर गूगलचं ओआर-टूल्स फुकट आहे. त्यातला सीपी-सॅट सॉल्व्हर (घातलेली बंधनं पाळून उत्तर शोधणारा प्रोग्रॅम) सहा मशीनचं काम सहज करतो, थोडं पायथन (प्रोग्रॅमिंगची भाषा) यायला हवं. निर्दोष उत्तराच्या मागे मात्र लागू नका. 1963 साली छापलेला दहा जॉब आणि दहा मशीनचा एक प्रश्न होता. सगळं संपायला कमीत कमी 930 एकक वेळ लागतो, हे सिद्ध व्हायला 1989 उजाडलं. तुम्हाला सकाळी एकदा आणि जेवणानंतर एकदा चालवता येईल असं चांगलं वेळापत्रक पुरे. पुढच्या दोन तासांची कामं गोठवून ठेवा, नाहीतर दर वेळी क्रम बदलला की सेटर कागद बघणंच सोडून देतात. मॉडेलमध्ये एका वेळी दोनच सेटिंग हे बंधन घालायला विसरू नका. ते विसरलात तर फार देखणं वेळापत्रक निघेल, ज्यात तुमचे दोन सेटर एकाच वेळी पाच मशीनवर उभे असतील.