कोण बोललं, कुणाला?

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

तुझा तक्ता पाहिला. भाषाशास्त्रज्ञ जेफ्री लीच यांनी १९७४ साली मांडलेले अर्थाचे सात प्रकार, त्यांचे सात रकाने, आणि पूर्व आफ्रिकेतल्या स्वाहिली भाषेतलं 'शिकामो' हे अभिवादन कुठे बसवायचं यावर तू अडून बसलेली. बसवू नकोस. आधी लिही: कोण बोललं, कुणाला.

शिकामो धाकट्यानं म्हणायचं, थोरल्यानं 'मराहाबा' म्हणून स्वीकारायचं. मुळात 'तुमचे पाय धरतो'. पण टांझानियातल्या दार-एस-सलामच्या डालाडालात, म्हणजे तिथल्या मिनीबसमध्ये, एखाद्या आजीला शिकामो म्हणणाऱ्या पोराच्या मनात पाय नसतात. तोच शब्द त्यानं मित्राला टाकला की थट्टा होते. आता सांग, रकाना कुठला?

'म्टू' म्हणजे माणूस. त्याचं 'किजिटू' केलं, पुढे 'आमेकुजा'ऐवजी 'किमेकुजा' म्हटलं, की 'आला'चं 'आलं' होतं आणि माणसाला हिणवून होतं. म्हणून 'कि' म्हणजे तुच्छता असं वहीत उतरवशील, तर थांब! 'किजाना' म्हणजे तरुण. त्यातही 'कि' आहे, पण क्रियापद माणसाचंच, 'आमेकुजा', आणि अपमान कुणाचाच नाही. नुसत्या उपसर्गाकडे बघत बसून काय मिळणार? 'निमेसोमा किटाबू' म्हणजे पुस्तक वाचलं. 'निमेकिसोमा किटाबू' म्हणजेही तेच, फक्त इथे बहुधा ऐकणाऱ्याला ठाऊक असलेलं पुस्तक. बघ, ऐकणारा क्रियापदाच्या पोटात शिरलाय. आणि तुझ्या तक्त्यात त्याला जागाच नाही!

कोशासाठी केलेल्या माझ्या कार्डांवर प्रत्येक वाक्यापुढे बोलणाऱ्याचं वय आणि ऐकणाऱ्याशी नातं असायचं. विभागात हसायचे. हा कोश नाही, चहाड्या आहेत म्हणायचे. छापायचं तर हे कापा, असा निरोप आला. मी कापलं नाही, कोश निघाला नाही. खंत आहे, खोटं कशाला बोलू? पण आजही कापणार नाही. नातं काढून टाकलं तर त्या वाक्यांत उरतं काय?

तू हुशार आहेस, म्हणूनच चिडतोय. परीक्षेला तक्ता लागतोच, तर डावीकडे दोन रकाने वाढव: बोलणारा, ऐकणारा. ते भरल्याशिवाय उजवीकडे पेन टेकवायचं नाही. सुरुवात 'कुफा' आणि 'कुफारिकी'पासून कर. दोन्ही मरणंच, पण बकरीला दुसरं लावत नाहीत. शेजाऱ्याच्या वडिलांना पहिलं कोण लावतं, कुणासमोर, ते विचारून ये आणि मग मला लिही.