शैक्षणिक कर्जाचे व्याज अनुदान: दाखला दिला म्हणजे दावा गेला असे नाही

नमस्कार. गडहिंग्लजच्या पालकांचा प्रश्न वाचला. मुलगा कोल्हापुरात अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे, 4 लाखांचे शैक्षणिक कर्ज आहे, उत्पन्नाचा दाखला मंजुरीच्या वेळीच शाखेत दिलेला आहे, आणि आता खात्यावर चढलेल्या व्याजाबद्दल विचारले तर "अनुदान वरूनच आलेले नाही" एवढेच उत्तर मिळते. अशा वेळी घरातले सोने पतसंस्थेत ठेवून व्याज भरून टाकावे का, असे त्यांनी विचारले आहे. माझ्या मुलीच्या कर्जाच्या वेळी हेच वाक्य मला ऐकवले गेले होते, म्हणून सविस्तर लिहितो. मी बँकेतला नाही आणि कायद्याचा जाणकारही नाही. नियम बदलत असतात, तेव्हा पुढचे सर्व चालू परिपत्रकाशी पडताळून घ्यावे.

सोने ठेवू नका, असे माझे स्पष्ट मत आहे. शैक्षणिक कर्जावर अभ्यासक्रमाचा काळ आणि त्यानंतरचे 1 वर्ष हप्ता नसतो व व्याज सरळ पद्धतीने लागते. सोनेतारणाचे व्याज मात्र पहिल्या दिवसापासून मागे लागते आणि मुदत टळली की दागिनेच जातात. पगारातून किंवा दुधाच्या बिलातून थोडे पैसे सुटत असतील तर व्याज जरूर भरावे, कारण शिक्षण चालू असताना व्याज भरणाऱ्यांना अनेक बँका दरात 1 टक्का सवलत देतात. पण त्यापूर्वी अनुदानाचे काय झाले, याचा छडा लावणे अधिक महत्त्वाचे आहे.

केंद्र सरकारची व्याज अनुदान योजना 2009-10 पासून चालू आहे. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 4.5 लाखांपर्यंत असेल आणि अभ्यासक्रम तांत्रिक किंवा व्यावसायिक असेल, तर वर सांगितलेल्या, हप्ता नसलेल्या सवलतीच्या काळातले व्याज सरकार भरते. 2018 पासून संस्थेला नॅकचे (उच्च शिक्षण संस्थांचा दर्जा तपासणारी परिषद) किंवा त्या अभ्यासक्रमाला एनबीएचे (तांत्रिक व व्यावसायिक अभ्यासक्रमांचा दर्जा तपासणारे मंडळ) मूल्यांकन असावे, अशी अटही आहे. एवढे बहुतेकांना ठाऊक असते. मात्र हे अनुदान आपोआप जमा होत नाही. आपल्या बँकेने विद्यार्थ्याची माहिती नोडल बँकेच्या (योजनेचे दावे हाताळणाऱ्या बँकेच्या), म्हणजे कॅनरा बँकेच्या, पोर्टलवर ठरलेल्या मुदतीत भरावी लागते, यालाच दावा म्हणतात, आणि हे काम दरवर्षी करावे लागते. माझ्या मुलीच्या कर्जाच्या वेळी पालकाला त्या पोर्टलवर काहीही भरता येत नसे. सारे शाखेच्या हातात असे.

आमच्या शाखेने नेमके तेवढेच केले नव्हते. दर वर्षी मी विचारत असे आणि दर वर्षी "वर पाठवले आहे" असे सांगितले जाई. मध्यंतरी अधिकारी बदलून गेले. शेवटी नव्या साहेबांनी कर्जाची फाइल माझ्यासमोर उघडली, तेव्हा तहसीलदारांचा दाखला सेतू केंद्राच्या पावतीसह टाचणी लावून जसाच्या तसा आत होता आणि दाव्याच्या नोंदीचा रकाना पहिल्या वर्षापासून कोरा होता. मागच्या वर्षांची मुदत संपली, आता काही करता येणार नाही, असे शांतपणे सांगण्यात आले. ज्या कुटुंबासाठी सरकारने पैसे ठेवले आहेत, त्या कुटुंबाने कोणाच्या तरी आळसापायी ते व्याज वर्षानुवर्षे फेडत बसावे, याचा संताप मला आजही आहे.

याची किंमत किती, ते पाहा. दर वर्षाच्या सुरुवातीला 1 लाख याप्रमाणे 4 लाख उचलले आणि दर 10 टक्के धरला, तर पहिल्या लाखावर 5 वर्षांचे 50 हजार, मग 40, 30 आणि 20 हजार, असे मिळून हप्ता सुरू होण्याआधीच 1 लाख 40 हजार रुपये व्याज होते. ते मुद्दलात मिळवले की मुलाचा पहिला हप्ता 5 लाख 40 हजारांवर बसतो.

म्हणून उद्याच कर्जखात्याचा पहिल्या दिवसापासूनचा उतारा मागा. त्यात व्याज नावे पडल्याच्या नोंदी दिसतील; अनुदान जमा झाल्याची एकही नोंद नसेल, तर कोणत्या वर्षाचा दावा कोणत्या तारखेला पोर्टलवर भरला, हे लेखी विचारा आणि आपल्या प्रतीवर शिक्का व तारीख घ्या. तोंडी उत्तरावर समाधान मानू नका. मुलगा तिसऱ्याच वर्षात असल्यामुळे पुढची वर्षे तरी नक्कीच वाचवता येतील.

ज्यांचे कर्ज अजून व्हायचे आहे, त्यांच्यासाठी एक गोष्ट. केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून प्रवेश घेतला आणि उत्पन्न 8 लाखांच्या आत असेल, तर राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीतून निम्मी शिक्षण फी मिळते. आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गातील मुलींना 2024-25 पासून पूर्ण फी माफ आहे. व्यवस्थापन कोट्याच्या जागेवर यातले काहीच मिळत नाही, त्यामुळे नामांकित महाविद्यालयाच्या मोहाने ती जागा घेऊ नये, असे माझे मत आहे. कर्ज मागताना शिष्यवृत्ती वजा करून रक्कम काढा, पण खोलीभाडे आणि मेसचा खर्च त्यात अवश्य धरा. फी माफ होऊनही चंदगड, भुदरगडची मुले शहरात टिकत नाहीत, ती राहण्या-जेवण्याच्या खर्चापायी. शाहू महाराजांनी 1901 पासून कोल्हापुरात बोर्डिंगे उभी केली, ती हीच अडचण ओळखून. आजच्या धोरणात मात्र फीचीच चर्चा अधिक होते.

शिक्षण संपल्यानंतरचे सवलतीचे वर्ष मुलाने पुण्यात नुसते अर्ज करण्यात घालवू नये. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलच्या फाउंड्री आणि मशीन शॉपमध्ये पदवीधर शिकाऊ उमेदवारी मिळते का, ते पाहावे. विद्यावेतन फार नसते, परंतु कास्टिंगमधले दोष ओळखणे, ड्रॉइंग वाचणे आणि व्हीएमसीवर (संगणकाने चालणाऱ्या धातू कापण्याच्या यंत्रावर) काम करणे वर्षभरात हाताखालून जाते, आणि पहिला हप्ता सुरू होताना हातात काम असण्याची शक्यता वाढते.

पत्र दिल्यापासून 30 दिवसांत बँकेने उत्तर दिले नाही किंवा उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार विनामूल्य करता येते; तक्रारीसोबत ती शिक्क्याची प्रत आणि खात्याचा उतारा जोडावा. शाखेचे लेखी उत्तर आले की खाते क्रमांक झाकून त्यातला मजकूर इथे द्या. तक्रारीचा मसुदा करायला मी मदत करीन.