रत्नागिरीजवळच्या शाळांत मुलांना चेलो (व्हायोलिनच्या जातीचं मोठं, बसून वाजवायचं वाद्य) शिकवायचा आहे. पावसाळ्यात वाद्य टिकेल का?

टिकेल, पण कार्बन फायबरचं परवडत असेल तर शाळेशाळेत फिरवायला तेच घ्या. लाकडी चेलोला ४० ते ६० टक्के आर्द्रता मानवते. कोकणात जून ते सप्टेंबर ती बरेचदा ८५च्या वर असते. मग खुंट्या फुगून अडकतात (जोर लावू नका, मोडतात), वरची फळी उचलली जाऊन तारा बोटपट्टीपासून लांब जातात आणि लहान मुलांची बोटं दुखतात. यावर पावसाळ्यासाठी किंचित बुटका ब्रिज (तारांखालची घोडी) वेगळा करून घेणं हाच खरा उपाय.

पेटीत अर्धा किलो सिलिका जेल ठेवा, रंग बदलला की वाळवा. त्यासोबत अगदी स्वस्तातला नव्हे, बरा आर्द्रतामापक ठेवा. रेल्वेच्या एसी डब्यातून उतरलात तर पेटी तासभर तरी उघडू नका, नाहीतर वाद्याला घाम फुटतो.

बोचे, म्हणजे वाजवायच्या गजाचे, केस ओलाव्याने लांबतात आणि कोरड्या हवेत आखडून काठी ताणतात, म्हणून वाजवून झाल्यावर स्क्रू न चुकता ढिला करा. तारा बदलताना एकेकच काढा. सगळ्या सोडल्या तर आतला साउंडपोस्ट (दोन फळ्यांमधला लाकडी खांब) पडू शकतो.

कडेचा सांधा सुटून खरखर आली तर फेविकॉल अजिबात नको. सांधे सरसाने जोडलेले असतात, ते पुन्हा उघडता यावेत म्हणूनच. दुरुस्तीसाठी मुंबई गाठा.

आठ-दहा वर्षांच्या मुलांना साधारण अर्ध्या मापाचा चेलो लागतो. आणि गुळगुळीत लादीवर खालचा दांडा घसरतो, तेव्हा खुर्चीच्या पायाला अडकवायचा पट्टा सोबत न्या.